अश्वत्थाम्याचं तेल

नर्मदा परिक्रमा करून आलेल्या माणसाला एक प्रश्न हमखास विचारला जातो : अश्वत्थामा दिसला का? कुणाला उंचापुरा माणूस पहाटे वाटेत भेटलेला असतो, कुणाला नुसता आवाज ऐकू आलेला असतो. सातपुड्यातल्या कथांमध्ये त्याचं मागणं मात्र बदलत नाही. कपाळावरच्या जखमेसाठी तो थोडं तेल मागतो.

महाभारताच्या सौप्तिकपर्वात हे तेल नाही. तिथे कृष्णाचा शाप आहे. तीन हजार वर्षं तू एकटा भटकशील, अंगाला पू आणि रक्ताची दुर्गंधी येत राहील, असा तो शाप. तेल मागायला लावलं ते पुढे लोकांनी. मला या भरीचं नेहमी नवल वाटत आलं आहे. लोकांनी त्याला राख मागायला लावली नाही, हळदीची पूड मागायला लावली नाही. वर्षानुवर्षं चिघळलेली जखम सुकली की ताणते, तडकते आणि ठणकते, हे ज्याने घरात पाहिलं असेल त्यालाच ही भर सुचली असणार.

माझा या विषयाशी संबंध डॉक्टरकीमुळे आला नाही. वडिलांच्या उजव्या तळपायाला, अंगठ्याच्या खाली, एक घट्टा होता. त्याची जखम झाली आणि ती दीड वर्ष राहिली. वडिलांना मधुमेह होता. एका दवाखान्यात सांगितलं, जखम कोरडी ठेवा, पाणी लागू देऊ नका, पावडर टाका. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, कोरडी पडू देऊ नका, आणि एका ट्यूबमधून पाण्यासारखं पारदर्शक जेल जखमेत भरलं. घरात दोन तट पडले. आई कोरड्याच्या बाजूची होती. “खपली धरल्याशिवाय जखम बरी होते का कधी?” हा तिचा सवाल बिनतोड वाटायचा. दोघांपैकी बरोबर कोण, हे शोधायला मी वाचू लागलो ते नंतरची अनेक वर्षं वाचतच राहिलो. या लेखात आहे तो त्या वाचनाचा गोषवारा. उत्तर मिळालं, पण ते माझ्या प्रश्नाहून वेगळ्या प्रश्नाचं होतं.

*

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानाचा पहिलाच अध्याय जखमांवर आहे. त्याचं नाव ‘द्विव्रणीय’. जखमा दोन प्रकारच्या : शरीराच्या आतल्या बिघाडातून उद्भवणारी आणि बाहेरच्या आघाताने होणारी. तलवारीचा घाव आणि मधुमेह्याच्या पायाचा व्रण यांना एका मापाने मोजायचं नाही, हा भेद तिथे पहिल्या पायरीवरच येतो. पुढे व्रणावरचे साठ उपक्रम दिले आहेत. त्यात कापणं, खरवडणं, धुणं, पू काढणं, धूप देणं, मध आणि तूप लावणं, पट्टी बांधणं असं सगळं आहे. वाहणारा, दुर्गंधी येणारा, बरा व्हायचं नाव न घेणारा व्रण तो ‘दुष्टव्रण’. तो आधी शुद्ध करायचा आणि मग भरून आणायचा, हा क्रम तिथे ठरलेला आहे.

माझं लक्ष त्यातल्या दोन तपशिलांनी वेधून घेतलं. सूत्रस्थानाच्या अठराव्या अध्यायात लेप आणि पट्ट्या यांचा विचार आहे. पट्ट्यांचे चौदा प्रकार तिथेच येतात. लेपाबद्दल तिथे असं सांगितलं आहे की तो वाळत चालला असता तसाच राहू देऊ नये. पू पिळून काढण्यासाठी लावलेला लेप तेवढा अपवाद. कारणही दिलं आहे : वाळलेला लेप निरुपयोगी असतो आणि वेदना करतो. दुसरा तपशील साठ उपक्रमांमधल्या ‘पत्रदाना’चा. व्रणावर औषध लावून वर झाडाचं पान ठेवायचं. एरंड, भूर्ज अशी पानं तिथे सांगितली आहेत. पान वाऱ्याला अडवतं, लावलेलं औषध सुकू देत नाही आणि कापडासारखं शोषूनही घेत नाही.

याचा अर्थ सुश्रुताला आजची ड्रेसिंग ठाऊक होती असा काढण्याचा मोह मी टाळतो. दिवाळी अंकांत ‘हे सगळं आपल्याकडे होतंच’ या सुरातले लेख मी पुष्कळ वाचले आहेत, आणि तरुणपणी लिहिलेही आहेत. तूप, मध आणि ओलावा ही काही एकट्या भारताची गोष्ट नव्हती. एडविन स्मिथ या अमेरिकन गृहस्थाने १८६२ मध्ये लक्सरला एक इजिप्शियन पपायरस विकत घेतला. तो इसवी सनापूर्वी सुमारे १६०० च्या काळात नकललेला आहे. त्यातल्या ४८ रुग्णांच्या टिपणांत पहिल्या दिवशी ताजं मांस बांधायचं आणि नंतर रोज चरबी, मध व कापसासारखे धागे लावायचे, हा उपचार पुन्हा पुन्हा येतो. १५३७ मध्ये इटलीतल्या लढाईत फ्रेंच शस्त्रवैद्य आंब्रोआज पारे याच्याकडचं उकळतं तेल संपलं. बंदुकीच्या जखमा तेव्हा उकळत्या तेलाने डागत असत. नाइलाजाने त्याने अंड्याचा बलक, गुलाबाचं तेल आणि टर्पेंटाइन यांचं मिश्रण लावलं. रात्रभर त्याला झोप आली नाही. सकाळी पाहतो तर डागलेले सैनिक तापाने फणफणलेले आणि मऊ मलम लावलेले शांत झोपलेले.

म्हणजे जुन्या जगाचा अनुभव मऊ आणि ओलसर पट्टीच्या बाजूचा होता. मग आईला इतकी ठाम खात्री देणारी कोरडी जखम आली कुठून?

*

ती आली जंतूंच्या शोधाबरोबर. ग्लासगोच्या इस्पितळात १२ ऑगस्ट १८६५ या दिवशी जोसेफ लिस्टरने जेम्स ग्रीनलीस या अकरा वर्षांच्या मुलाच्या मोडलेल्या पायावर कार्बोलिक आम्लाची पट्टी बांधली. गाडीखाली सापडून हाड कातडीबाहेर आलं होतं. अशा पायाची तेव्हाची वाट बहुधा कापून टाकण्याकडे जायची. मुलगा चालत घरी गेला. १८६७ मध्ये लिस्टरचे लेख ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि शस्त्रक्रियेचं जग पालटलं. पू होणं हे जखम भरण्याचं लक्षण नसून जंतूंचं काम आहे, हे पटू लागलं.

यातूनच पुढचं तर्कशास्त्र उभं राहिलं. जंतूंना ओल लागते, तेव्हा ओल काढून घ्या. बर्मिंगहॅमच्या सॅम्पसन गॅमजीने १८८० मध्ये शोषक कापूस आणि गॉज यांची गादी तयार केली. ती स्राव टिपून घेई. स्वच्छ, पांढरी, कोरडी पट्टी हे आधुनिक इस्पितळाचं चिन्ह झालं. त्यात खोटं काहीच नव्हतं. पू टिपला पाहिजे आणि जंतू कमी केले पाहिजेत. मात्र स्राव आणि पू यांतला फरक या घाईत पुसला गेला. ताज्या जखमेतून येणाऱ्या स्वच्छ लशीत शरीराचे सैनिक असतात, नव्या पेशींना वाढा असं सांगणारी द्रव्यं असतात. शोषक कापूस पुवाबरोबर तीही टिपून घेत होता.

पहिल्या महायुद्धात ही अडचण उघडी पडली. अलेक्झांडर फ्लेमिंग तेव्हा फ्रान्समधल्या बूलोन इथे सैनिकांच्या जखमांवर काम करत होता. पेनिसिलिन अजून दहाबारा वर्षं दूर होतं. युद्धातली जखम सरळ नसते, तिला खाचाखोचा असतात. म्हणून त्याने काचेच्या नळीला काटे काढून एक कृत्रिम जखम बनवली आणि दाखवलं की जंतुनाशक त्या कोपऱ्यांतल्या जंतूंपर्यंत पोचत नाही. शिवाय अनेक जंतुनाशकं जंतूंआधी शरीराच्या पांढऱ्या पेशीच मारतात. त्याच युद्धात एडिनबर्ग विद्यापीठात चुन्यापासूनचं एक क्लोरिनयुक्त द्रावण तयार झालं. त्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळवून त्याला ‘युसॉल’ म्हणू लागले. आपल्याकडच्या सरकारी वॉर्डात ज्यांनी दिवस काढले आहेत त्यांना युसॉलचा वास सांगावा लागत नाही.

वॉर्डातलं दुसरं दृश्यही ओळखीचं आहे. सलाईनमध्ये भिजवलेलं गॉज जखमेवर ठेवायचं, ते वाळू द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी ओढून काढायचं. मेलेला भाग त्याबरोबर निघतो म्हणून ही रीत. पण वाळलेल्या गॉजला मेलेलं आणि नवं यांतला फरक कळत नाही. काल रात्री आलेलं लालसर दाणेदार मांसही त्याबरोबर सोलून येतं. ड्रेसिंगच्या वेळी रुग्ण ओरडतात त्यामागे पुष्कळदा हे असतं.

*

खपलीवरचा विश्वास हलवला तो डुकरांनी. जॉर्ज विंटर या इंग्रज संशोधकाने १९६२ मध्ये ‘नेचर’मध्ये दोन पानांचा निबंध छापला. कोवळ्या डुकरांच्या पाठीवर त्याने उथळ जखमा केल्या. काही उघड्या ठेवल्या, काहींवर पॉलिथिनचा पातळ पापुद्रा चिकटवला. उघड्या जखमांवर छान खपली धरली. झाकलेल्या जखमा ओल्याच राहिल्या. त्यानंतर त्याने सूक्ष्मदर्शकाखाली कातडीचे छेद पाहिले. झाकलेल्या जखमांवर नवी कातडी जवळजवळ दुप्पट वेगाने पसरली होती.

कारण समजायला सोपं आहे. जखम भरताना कडेच्या त्वचापेशी मधल्या भागाकडे सरकतात. सरकायला त्यांना ओलसर पृष्ठभाग लागतो. जखम उघडी राहिली की वरचा थर वाळतो आणि खपली बनतो. मग पेशींना खपलीच्या खाली, जिथे ओल शिल्लक आहे तिथपर्यंत खोल उतरून, वाळलेल्या थराला पोखरत वाट काढावी लागते. ओल्या जखमेत त्या सरळ पृष्ठभागावरून जातात. १९६३ मध्ये हिनमन आणि मायबाख यांनी माणसांवर असाच प्रयोग केला आणि निष्कर्ष तोच आला. म्हणजे खपली हा जखमेने स्वतःवर घातलेला तात्पुरता पत्रा आहे. दुसरं छप्पर नसेल तेव्हा तो उपयोगी पडतो, पण चांगलं छप्पर मिळालं की त्याची गरज उरत नाही.

पॉलिथिनच्या पापुद्र्यात मात्र एक उणीव होती. तो ओल अडवू शकत होता. देऊ किंवा घेऊ शकत नव्हता. सुकलेल्या जखमेला पाणी देईल आणि वाहणाऱ्या जखमेतलं थोडं घेईल, असा पदार्थ हवा होता. तो तोवर तयार झाला होता, पण डोळ्यांसाठी.

*

प्रागमधले रसायनशास्त्रज्ञ ओट्टो विख्टरले १९५२ मध्ये रेल्वेने जात असताना शेजारचा प्रवासी डोळ्यात बसवायच्या धातूच्या भागांविषयी वाचत होता. त्यावरून गप्पा निघाल्या. विख्टरले यांचं म्हणणं पडलं की शरीरात ठेवायचा पदार्थ शरीरासारखाच पाणीदार हवा. द्राहोस्लाव लीम या सहकाऱ्याबरोबर त्यांनी तसा पदार्थ बनवला आणि १९६० मध्ये ‘नेचर’मध्ये जैविक वापरासाठीच्या जलस्नेही जेलांवर त्यांचा छोटा निबंध आला. दरम्यान राजकीय साफसफाईत त्यांची विद्यापीठातली जागा गेली होती. १९६१ च्या नाताळात त्यांनी घरी मुलांच्या ‘मेरकुर’ या धातूच्या खेळण्याचे भाग आणि सायकलचा डायनामो जोडून यंत्र केलं आणि त्यावर मऊ कॉन्टॅक्ट लेन्स ओतल्या.

हायड्रोजेल म्हणजे काय हे समजायला प्रयोगशाळेत जावं लागत नाही. फालुद्यातला सब्जा आठवावा. कोरडं काळं बी पाण्यात टाकलं की त्याभोवती पारदर्शक गर धरतो. बोटाने दाबला तर पाणी गळत नाही, कारण ते लांब साखळ्यांच्या जाळ्यात अडकलेलं असतं. कोरफडीचा गर आणि स्वयंपाकघरातलं चायना ग्रास हे याच जातीचे. हायड्रोजेलमध्ये या साखळ्या एकमेकींना पक्क्या बांधलेल्या असतात, त्यामुळे ते पाण्यात फुगतं पण विरघळत नाही. अशा ड्रेसिंगमध्ये बहुतांश भाग पाण्याचाच असतो. ते चिकटत नाही, गार लागतं, आरपार दिसतं. वाळलेल्या मेलेल्या भागाला ते पाणी पुरवतं. तो भाग मऊ पडतो आणि शरीराचीच पाचक द्रव्यं त्याला हळूहळू सोडवतात. गॉज जे ओढून करत होतं ते इथे भिजवून होतं.

एवढं झाल्यावरही डॉक्टरांची भीती गेली नाही, आणि ती अनाठायी नव्हती. ओल, ऊब आणि अन्न एकत्र झाकून ठेवलं तर जंतू माजणार नाहीत का? १९९० मध्ये हचिन्सन आणि मॅगकिन यांनी तोवर प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांची बेरीज मांडली. झाकबंद ओलसर ड्रेसिंगखाली जंतुसंसर्गाचं प्रमाण २.६ टक्के होतं, साध्या ड्रेसिंगखाली ७.१ टक्के. कोरडं गॉज दिसायला स्वच्छ असलं तरी जंतूंसाठी ती जाळी आहे. शिवाय ओल्या जखमेत शरीराच्या पांढऱ्या पेशी जिवंत राहून काम करू शकतात.

*

या कथेचा एक भाग मुंबई आणि सोलापुरात घडला आहे, आणि त्याची आपल्याकडे फारशी वाच्यता नाही.

परदेशी ड्रेसिंगची किंमत आपल्या रुग्णाला झेपत नाही, हे आपल्या डॉक्टरांना रोज दिसत होतं. परळच्या वाडिया बालरुग्णालयात भाजलेली मुलं येत. तिथले प्लास्टिक सर्जन मनोहर केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या साली गॉजवर लावून, निर्जंतुक करून भाजलेल्या जखमांवर बांधल्या. १९८५ मध्ये ‘बर्न्स’ या नियतकालिकात त्यांचा आणि ए. आर. पाटील यांचा प्राथमिक अहवाल आला. १९९० मध्ये जंतू आणि ऊती तपासून केलेला पुढचा अभ्यास आला. बटाट्याच्या सालीत काही गूढ औषध नव्हतं. ती पातळ होती, जलरोधक होती, चिकटत नव्हती आणि जखम ओलसर ठेवत होती. २००३ मध्ये त्याच नियतकालिकात मुंबईच्याच एम. ए. गोरे आणि डी. अकोलेकर यांनी केळीच्या पानाची ड्रेसिंग मांडली. त्वचारोपणासाठी जिथली कातडी काढली त्या जागेवर निर्जंतुक केलेलं केळीचं पान ठेवून त्यांनी व्हॅसलिन गॉजशी तुलना केली. पान काढताना वेदना फारच कमी होत होत्या. पत्रदानाची आठवण होते, पण इथे ताडून पाहण्याची शिस्त होती, आणि ती शिस्त हाच मला मोठा फरक वाटतो.

सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातले शल्यचिकित्सक एम. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी’मध्ये भाजलेल्या १०४ रुग्णांचा अभ्यास छापला. ५२ जणांना मध, ५२ जणांना चांदीयुक्त सल्फाडायझिनचं मलम. सात दिवसांत मध लावलेल्यांपैकी ९१ टक्के जखमा जंतुमुक्त झाल्या, मलमाच्या गटात ७ टक्के. मध पाणी ओढून घेतो, आम्लधर्मी असतो आणि पातळ झाल्यावर त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं, त्यामुळे परिणाम समजण्याजोगा आहे. पण आकड्यांतलं अंतर पाहून मी थबकलो. मलमाचा गट इतका मागे का पडावा? शिवाय जखम पाहताच मध कुणाला लावलाय हे कळतं, मग मोजणाऱ्याची नजर तटस्थ कशी राहावी? पुढे जगभरच्या चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. उथळ भाजलेल्या आणि शस्त्रक्रियेनंतर चिघळलेल्या जखमा मधाने लवकर भरतात असं त्यातून निघालं. मधुमेही पाय आणि इतर जुनाट व्रणांबाबत तसं ठामपणे म्हणता आलं नाही.

तिसरा धागा ट्रॉम्बेचा. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या परिसरात १९७४ पासून ‘आयसोमेड’ हा प्रकल्प गॅमा किरणांनी वैद्यकीय साहित्य निर्जंतुक करतो आहे. पोलंडमधल्या वूच शहरात यानुश रोशाक यांनी किरणांच्या साहाय्याने हायड्रोजेल ड्रेसिंग बनवण्याची पद्धत बसवली होती. भाभा केंद्रात ललित वार्ष्णेय आणि सहकाऱ्यांनी पॉलिव्हायनिल अल्कोहोल आणि अगार यांपासून आपली पद्धत विकसित केली. अगार म्हणजे तेच चायना ग्रास. मिश्रण साच्यात ओतून, पाकीटबंद करून त्यावर किरण सोडले की दोन कामं एकदम होतात. पाण्यातून निघालेले क्रियाशील कण साखळ्या एकमेकींना जोडतात, आणि पाकीट आतूनही निर्जंतुक होतं. जोडणीसाठी वेगळं रसायन लागत नाही, त्यामुळे ते धुऊन काढण्याचाही प्रश्न नाही.

*

इथवरचे बहुतेक प्रयोग ताज्या किंवा भाजलेल्या जखमांवरचे आहेत, हे वाचकाच्या लक्षात आलं असेल. डुकराची पाठ निरोगी होती. वडिलांचा पाय तसा नव्हता. सुश्रुताने पहिल्या पायरीवर केलेला भेद इथे पुन्हा समोर येतो.

जुनाट जखमेतला स्राव ताज्या जखमेतल्या लशीसारखा नसतो. त्यात ऊतींना खाणारी द्रव्यं साचून राहतात आणि नव्याने विणलेलं उसवत राहतात. आणि जंतू तिथे सुटे नसतात. २००८ मध्ये अमेरिकेतल्या गार्थ जेम्स यांच्या गटाने सूक्ष्मदर्शकाखाली जखमांचे तुकडे तपासले. ५० जुनाट जखमांपैकी ३० मध्ये जंतूंचे चिकट थर होते, १६ ताज्या जखमांपैकी केवळ एकीत. या थराला बायोफिल्म म्हणतात. जंतू स्वतःभोवती साखरेच्या लांब साखळ्यांचं पाणीदार जाळं विणतात आणि त्यात बसतात. हे वाचलं तेव्हा मला काही वेळ पुढे वाचवेना. जंतूंनी विणलेलं ते घर म्हणजे रचनेने हायड्रोजेलच आहे. माणसाला १९६० मध्ये साधलेली युक्ती त्यांना अब्जावधी वर्षांपासून येते. प्रतिजैविकाच्या गोळ्या या थरातल्या जंतूंपुढे निष्प्रभ ठरतात. तो थर खरवडूनच काढावा लागतो, आणि काही दिवसांत तो पुन्हा धरतो.

म्हणून आता जेलमध्येच शस्त्र ठेवण्याचे प्रयत्न चालू आहेत. चांदी किंवा आयोडीन भरलेली जेलं बाजारात आहेत. प्रयोगशाळांत कोळंबीच्या टरफलांपासून मिळणाऱ्या कायटोसानची जेलं आहेत. काही सुईतून भरता येतात आणि फाटली तर पुन्हा जुळतात, काही जखमेची आम्लता बदलली की औषध सोडतात. वाचताना उमेद वाटते. पण उंदराच्या पाठीवरून माणसाच्या तळपायापर्यंतचा रस्ता लांब आहे. २००९ मध्ये इंग्लंडात पायांच्या शिरांमुळे झालेल्या व्रणांवर २१३ रुग्णांची चाचणी झाली. चांदीयुक्त ड्रेसिंगने साध्या ड्रेसिंगपेक्षा जखमा अधिक भरल्या नाहीत. मधुमेही पायासाठी हायड्रोजेलचा आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१३ मध्ये घेतला. पाच चाचण्या, ४४६ रुग्ण. साध्या गॉजपेक्षा हायड्रोजेल उजवं दिसतं, पण चाचण्यांच्या त्रुटींमुळे खात्री देता येत नाही, असा त्याचा निष्कर्ष. मधुमेही पायासाठीच्या २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत व्रण भरावा म्हणून जंतुनाशक ड्रेसिंग वापरू नये असंच म्हटलं आहे. स्राव किती आहे, रुग्णाला सोयीचं काय आणि परवडतं काय, यावरून ड्रेसिंग निवडावी.

कोरड्याच्या बाजूलाही त्याचं देणं दिलं पाहिजे. जखम आधीच खूप वाहत असेल तर जेलने भोवतालची कातडी धुणं धुतलेल्या बोटांसारखी पांढरी आणि पोची होते. बोटाचा रक्तपुरवठाच बंद पडून ते काळं, कोरडं पडलं असेल, तर रक्तवाहिन्यांचा निर्णय होईपर्यंत ते कोरडंच राखतात. तिथे ओल दिली तर सड वर चढते. आईचं म्हणणं सरसकट चूक नव्हतं. ते सरसकट होतं, एवढीच त्यात चूक होती.

*

आता वडिलांच्या पायाकडे येतो.

शल्यविशारद पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरला आले. कुष्ठरुग्णांच्या तळपायांच्या जखमा भरत नाहीत कारण त्यांचं मांसच नासलेलं असतं, अशी तेव्हा समजूत होती. ब्रँड यांना दिसलं की मांस चांगलंच आहे. नसा बधिर झाल्यामुळे रुग्णाला दुखत नाही, म्हणून तो जखमेवर चालत राहतो, आणि दर पावलाला नवं मांस चिरडलं जातं. पायाला प्लास्टर घालून भार वाटून दिला की तीच जखम भरून येते. ही पद्धत ब्रँड यांनी पुढे अमेरिकेत मधुमेह्यांच्या पायांसाठी वापरली. कुष्ठरुग्णांना मिळणाऱ्या मऊ रबराच्या ‘एमसीआर’ चपला याच शोधाची लेकरं आहेत.

मधुमेहातही नसा अशाच बधिर होतात. वडिलांचं जेल ड्रेसिंग उत्तम होतं. सिस्टर दिवसाआड येऊन हळुवारपणे ते बदलत. आणि वडील रोज पहाटे स्लीपर घालून मारुतीला जाऊन येत, कारण पाय दुखत नव्हता. दुखत नाही म्हणजे बरं होतंय, असं आम्हीही समजत होतो. चालू नका, असं निक्षून कुणी सांगितलं नाही. आम्ही विचारलंही नाही. ओली की कोरडी, या वादात आम्ही दीड वर्ष घालवलं. शेवटी संसर्ग हाडात उतरला आणि अंगठा व शेजारचं बोट काढावं लागलं. त्यानंतर प्लास्टर झालं, जागेवर बसणं झालं, आणि शस्त्रक्रियेची ती मोठी जखम भरून आली. नंतर वडील सात वर्षं जगले.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. म्हणजे आमच्या घरातला वाद आज अनेक घरांत चालू असणार. ओलीच्या बाजूने पुरावा चांगला आहे, हे मी आता सांगू शकतो. पण त्याआधी विचारायचे प्रश्न दुसरे आहेत : या पायात रक्त पोचतंय का, मेलेला भाग खरवडून काढला का, साखर किती आहे, आणि या जखमेवर रोज किती पावलं पडतात? या प्रश्नांची उत्तरं मिळाल्यावर जेल आपलं काम करतं. ती न मिळताच लावलेलं जेल आणि अश्वत्थाम्याचं तेल यांत फारसा फरक नाही. थोडा वेळ बरं वाटतं.

आई अजून आहे. तिलाही आता मधुमेह आहे. अंगणात जाताना ती पायात मऊ चपला घालते, आणि रात्री निजण्याआधी माझी बायको बॅटरी लावून तिचे तळवे पाहते. आई कुरकुरते, पण पाय पुढे करते.